अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि न बोलले जाणारे दुखणे

(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त मलाजखंड येथे भरलेल्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे झालेल्या कार्याचा आढावा, देणगीदारांचे आभार आणि पुढील संकल्प असा शिरस्ता आहे. तो भाग आपल्या चिटणीसांनी उत्तम रीतीने पार पाडला आहे. मला नेमून दिलेला विषय हारतुऱ्यांच्या सभेत सहसा निघत नाही. संयोजकांपैकी एकांनी तर संकोचाने विचारले, "डॉक्टर, आपल्या भाषणाच्या वेळी पुरुषमंडळींना बाहेर बसवू का?" मी म्हटले, मुळीच नको, उलट त्यांना पुढच्या रांगेत बसवा. कारण भाषणाच्या ओघात कळेलच.

विषय असा, की बाईच्या जननमार्गात जंतूंचा उपद्रव झाला तर दिवस भरण्यापूर्वीच बाळंतपण होते काय, आणि होत असल्यास त्यावर आपल्यासारख्या ट्रस्टने काय करावे. ह्यामागे एक व्यवहाराची गोष्टही आहे. विश्वस्तांपुढे एक सूचना आली आहे. महोत्सवानिमित्त आसपासच्या गावांत शिबिरे भरवावीत आणि प्रत्येक गरोदर बाईस जंतुनाशक गोळ्यांचा एक पुडा फुकट द्यावा, म्हणजे अकाली बाळंतपणे टळतील. सूचनेमागील हेतू निर्मळ आहे आणि पैसाही तयार आहे. तिच्यावर माझे मत विचारण्यात आले. आजचे भाषण म्हणजे त्या विचारणेचे सविस्तर उत्तर समजावे.

आपल्याकडे 'नऊ महिने नऊ दिवस' असा शब्दप्रयोग आहे. वैद्यकशास्त्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजते. दोन्ही हिशेब जवळपास एकच येतात, ह्यावरून आपल्या आज्या-पणज्या किती नेमक्या होत्या हे ध्यानात यावे. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे म्हणतात. २०२० साली जगभरात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली आणि त्यांतील ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात. म्हणजे जगातील जवळजवळ प्रत्येक चौथे किंवा पाचवे अपुरे बाळ आपल्या देशातले.

मात्र आजीबाईंचे एक मत मला येथेच खोडून काढले पाहिजे. 'सातवासा जगतो, अठवासा जगत नाही' असे पुष्कळ घरांत अजून मानतात. हे साफ चूक आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फुप्फुसांस, मेंदूस आणि अंगावरील चरबीस बळकटी देत असतो. आठव्या महिन्यातील बाळ सातव्यातल्यापेक्षा नेहमीच अधिक तयार असते. 'आता आठवा लागला, काही उपयोग नाही' म्हणून दवाखान्याची वाट न धरणारी माणसे अद्यापि भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता मूळ दुखण्याकडे वळतो. अंगावरून पांढरे जाणे, धुपणी, प्रदर, अशा अनेक नावांनी बायका ते सांगतात. किंबहुना सांगतच नाहीत. ह्या न सांगण्याचा पहिला मोठा हिशेब जगापुढे कोणी ठेवला असेल तर तो आपल्याच नदीकाठच्या माणसांनी. वैनगंगा शिवनीकडून आपल्या बालाघाट जिल्ह्यात येते, पुढे गोंदिया-भंडाऱ्यावरून गडचिरोलीच्या कडेने जाऊन वर्धेस मिळते. त्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग हे दांपत्य अमेरिकेतील शिक्षण आटोपून १९८६ साली राहावयास गेले आणि तेथे त्यांनी 'सर्च' ही संस्था काढली. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी वसा आणि अमिर्झा ह्या दोन गावांत जाऊन, गावकऱ्यांस विश्वासात घेऊन, ६५० बायकांची तपासणी केली. इस्पितळात आलेल्या रुग्ण बायकांची तपासणी ती नव्हे. घरी असलेल्या, शेतावर जाणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या साध्या बायकांची ती तपासणी होती. शतकानुशतके ज्या गोष्टीला कोणी हात लावला नव्हता तिची त्या दोन गावांत मोजदाद झाली.

१९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' ह्या विलायती वैद्यकीय पत्रात निष्कर्ष छापून आले. शंभरांतील ९२ बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता. सरासरीने एकेका बाईस साडेतीनहून थोडी अधिक दुखणी. त्यांपैकी निम्मी जननमार्गाच्या जंतुसंसर्गाची. आणि पूर्वी कधीतरी ह्या कारणासाठी तपासणी व उपचार झालेल्या बायका किती? शंभरांत ८. आणखी एक आकडा माझ्या मनातून जात नाही. तक्रार असल्याचे सांगणाऱ्या बायका ५५ टक्के होत्या. उरलेल्या ४५ टक्के म्हणाल्या, आम्हाला काही होत नाही. परंतु तपासल्यावर त्यांच्यातही पुष्कळांना रोग निघाला. 'बाईच्या जातीला हे असायचेच' असे एकदा मनाने घेतले की दुखणे दुखणे वाटेनासे होते. त्या अभ्यासापूर्वी खेड्यातील बाई म्हणजे गर्भार बाई किंवा कुटुंबनियोजनाची बाई एवढेच सरकारी दफ्तराला ठाऊक होते. त्यानंतर जगभरच्या आरोग्यखात्यांना आपली कोष्टके बदलावी लागली. गडचिरोलीची गावे आणि आपल्या बैहर-बिरसाकडील गावे ह्यांत जंगल तेच, गोंड बांधव तेच, रस्त्यांची दैना तीच. म्हणून तेथील आकडे परक्याचे समजू नयेत.

आता जंतू आणि बाळंतपण ह्यांचा संबंध. भगिनींना तो स्वयंपाकघरातून समजावणे सोपे आहे. दुधाला विरजण लावले की चांगले जंतू वाढतात, दही आंबट होते, आणि त्या आंबटपणामुळे नासवणाऱ्या जंतूंना तेथे थारा मिळत नाही. निरोगी बाईच्या योनिमार्गात हेच घडत असते. तेथे लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू वस्तीला असतात. १८९२ साली डॉडरलाइन नावाच्या जर्मन डॉक्टराने त्यांचे वर्णन केले. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाच्या पहाऱ्यात बाकीचे जंतू दबून राहतात. काही कारणाने हे विरजण मोडले, की गार्डनेरेला आणि प्राणवायूशिवाय वाढणारे इतर अनेक जंतू माजतात. पांढरट-करडे पाणी जाते आणि त्याला मासळीसारखा वास येतो, विशेषतः पतिसंबंधानंतर. ह्या अवस्थेस बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. पुष्कळांना तर वासही येत नाही, काहीच कळत नाही.

(येथे एक इशारा दिलेला बरा. दह्याची उपमा ऐकून कोणी घरचे दही औषध म्हणून आत लावू नये. साबणाने किंवा जंतुनाशक पाण्याने आतून धुण्याची सवयही वाईट. तिने चांगले जंतू आधी मरतात.)

गर्भाशयाच्या तोंडाशी गरोदरपणात चिकट बुळबुळीत पदार्थाचे एक घट्ट बूच तयार झालेले असते. खालचे जंतू वर जाऊ नयेत ही त्याची कामगिरी. जंतू फार माजले, किंवा तोंड आखूड व ढिले पडले, तर ते वर सरकून पाणमोटेच्या पडद्याशी पोचतात. शरीराचे रक्षक, म्हणजे पांढऱ्या पेशी, त्यांच्यावर धावून जातात. ह्या चकमकीत जी रसायने सुटतात त्यांतील काही पडदा कमजोर करतात आणि काही प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निर्माण करवतात. आणि कळा सुरू करणारी द्रव्ये नेमकी हीच. म्हणजे जंतू स्वतः बाळंतपण आणत नाहीत, जंतूंशी लढता लढता शरीरच दरवाजा उघडून बसते. जाणकारांच्या अंदाजाप्रमाणे अकाली बाळंतपणांपैकी २५ ते ४० टक्क्यांच्या मुळाशी गर्भाशयातील संसर्ग असावा. बाळंतपण जितके लवकर, तितकी ही शक्यता जास्त. सातव्या महिन्याआधी झालेल्या बाळंतपणात ती सर्वांत अधिक, आणि आठवा सरता सरता झालेल्यात बरीच कमी.

१९९५ साली अमेरिकेतील १०,३९७ गरोदर बायकांचा मोठा अभ्यास छापला गेला. त्यांतील १६ टक्क्यांना ही जंतूंची अवस्था होती आणि त्यांना अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे बाळ होण्याचा संभव इतरांपेक्षा सुमारे दीडपटीच्या आतबाहेर अधिक आढळला. हे वाचून त्या काळी सर्वांना वाटले, आता किल्ली सापडली! जंतू आहेत, जंतूंवर गोळ्या आहेत, गोळ्या स्वस्त आहेत. आपल्या विश्वस्तांपुढील सूचना बरोबर ह्याच तर्कावर उभी आहे, आणि तर्क म्हणून तो बिनचूक आहे.

परंतु शरीर तर्काने चालत नाही. तर्क खरा की खोटा हे पाहण्याची एक पद्धत आहे. बायकांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करावयाचे, एकास खरी गोळी, दुसऱ्यास दिसायला तशीच पण औषधहीन गोळी, आणि मग बाळंतपणे मोजावयाची. २००० साली १,९५३ बायकांवरील अशा चाचणीचा निकाल लागला. ह्या सर्वांना जंतूंची ती अवस्था होती पण त्रास काही नव्हता. मेट्रोनिडॅझोल घेतलेल्यांत अकाली बाळंतपणे १२.२ टक्के, औषधहीन गोळी घेतलेल्यांत १२.५ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. जंतू मात्र गोळीने गेले होते! पुढे फ्रान्समध्ये क्लिंडामायसिन हे दुसरे औषध घेऊन, ८४,००० हून अधिक गरोदर बायका तपासून, असाच प्रयोग झाला. २०१८ साली त्याचाही निकाल तोच निघाला.

इतकेच असते तर मी म्हटले असते, वाटा बापडे, फायदा नाही तरी तोटा नाही. पण तोटा आहे. ट्रायकोमोनास नावाचा एक परजीवी ह्याच मार्गात राहतो. तो आढळलेल्या परंतु तक्रार नसलेल्या गरोदर बायकांना मेट्रोनिडॅझोलचे मोठे डोस दिले तेव्हा औषधवाल्या गटात १९ टक्के अकाली बाळंतपणे झाली, बिनऔषधवाल्या गटात १०.७ टक्के. २००१ साली तो निकाल छापला आणि चाचणी आवरती घ्यावी लागली. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास 'ओरॅकल' नावाची प्रचंड चाचणी झाली. त्यात अकाली कळा सुरू झालेल्या पण पाणमोट शाबूत असलेल्या बायकांना प्रतिजैविके दिली. बाळंतपण लांबले नाही. त्या बाळांचा सात वर्षांपर्यंत मागोवा घेतला तेव्हा २००८ साली असे दिसले, की एरिथ्रोमायसिन मिळालेल्या मातांच्या मुलांत मेंदूच्या पक्षाघाताचे प्रमाण ३.३ टक्के होते आणि न मिळालेल्यांच्या मुलांत १.७ टक्के. उलट, ज्यांची पाणमोट कळांपूर्वीच फुटली होती त्या बायकांत ह्याच एरिथ्रोमायसिनने बाळांचे भले केले. औषध एकच, बाई एकच, फक्त पाणमोट फुटली की नाही एवढा फरक. आणि एकीकडे उपकार, दुसरीकडे अपकार. तेव्हा सभामंडपात टेबल मांडून, पोटाला हात न लावता, पुडे वाटण्याचा विचार विश्वस्तांनी सोडून द्यावा अशी माझी हात जोडून विनंती आहे.

असे का व्हावे? एक कारण असे संभवते, की गोळी देईपर्यंत जंतू वर पोचून चकमक सुरू झालेली असते. दुसरे, जंतू मारले तरी मोडलेले विरजण पुन्हा लागत नाही. तिसरे, अकाली बाळंतपण हा एक रोग नव्हेच. अनेक वाटा एकाच दाराशी येऊन मिळाल्या आहेत.

त्यांतील एका वाटेवर एका मराठी सर्जनाचे नाव कोरलेले आहे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म १८९९, गाव गोव्यातील शिरोडा, कर्मभूमी मुंबई. काही बायकांचे गर्भाशयाचे तोंड चौथ्या-पाचव्या महिन्यातच, कळा न येता, हळूच उघडते आणि गर्भ निसटतो. एकदा, दोनदा, तीनदा. सासरची माणसे म्हणतात, हिची कूसच अशी. शिरोडकरांनी बाईच्याच मांडीतील चिवट पडद्याची पट्टी काढून ती तोंडाभोवती आवळून बांधली, जशी आपण थैलीच्या तोंडाची नाडी आवळतो. १९५५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. आज जगातील कोणत्याही प्रसूतिगृहात 'शिरोडकर टाका' म्हटले की डॉक्टरला कळते. मात्र ह्या टाक्यालाही अट आहे. आत संसर्ग असेल तर टाका घालावयाचा नसतो. दार बाहेरून बांधले आणि चोर आत, अशी गत होते. आता सोनोग्राफीने तोंडाची लांबी मोजता येते आणि ती आखूड आढळल्यास प्रोजेस्टेरॉन हे औषध योनिमार्गात ठेवून काही बायकांचे दिवस वाढवता येतात. पूर्वी एखादे बाळ अपुऱ्या दिवसांचे झाले असेल तर पुढच्या खेपेला हे विचारण्याचा प्रत्येक बाईला हक्क आहे.

दुसरी वाट आपल्या नागपुराजवळून जाते. नागपूर आणि बेळगाव येथील केंद्रे जगातील अनेक देशांच्या एका संशोधन-जाळ्यात आहेत. त्यात पहिलटकरणींना गरोदरपणाच्या आरंभापासून ॲस्पिरिनची लहान गोळी रोज देण्याची चाचणी सुमारे १२,००० बायकांवर झाली. २०२० साली निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत अकाली बाळंतपणे ११.६ टक्के, न घेणाऱ्यांत १३.१. फरक लहान, पण खरा. ह्याच जाळ्याने ॲझिथ्रोमायसिनची एक मात्रा प्रत्यक्ष कळांच्या वेळी देऊन पाहिली. २९,००० हून अधिक बायका. २०२३ चा निकाल असा, की आईला रक्तदोष होणे किंवा ती दगावणे २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. बाळांना मात्र फायदा दिसला नाही. पाहा, जंतूंचेच औषध, पण नेमक्या घटकेला दिले तेव्हा आई वाचली. आमच्या वैदर्भीय आणि बेळगावकर भगिनींनी ह्या चाचण्यांत भाग घेतला, सुया टोचून घेतल्या, वह्यांत अंगठे उठवले, तेव्हा हे ज्ञान जगाला मिळाले. त्यांची नावे कोठे छापली जात नाहीत.

मग जंतूंच्या बाबतीत काहीच करावयाचे नाही काय? पुष्कळ करावयाचे आहे. फक्त पुडे वाटून ते होत नाही, एकेका बाईला तपासून होते. ज्या गरोदर बाईला वास, खाज, जळजळ, रंग बदललेले पाणी अशी तक्रार आहे तिला उपचार मिळालाच पाहिजे. वरच्या चाचण्या तक्रार नसलेल्यांच्या होत्या, हे विसरू नये. उपदंशाची, म्हणजे सिफिलिसची, रक्ततपासणी प्रत्येक गरोदरपणात व्हावी. तो रोग उपचाराविना राहिला तर गर्भ मरतो, बाळ अपुरे जन्मते किंवा रोग घेऊनच जन्मते, आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो बरा होतो. सगळ्या ह्या गुंतागुंतीत इतका सरळ हिशेब दुसरा नाही. लघवीची तपासणी तशीच. गरोदरपणात लघवीत जंतू असून जळजळ नसणे पुष्कळदा आढळते. ते तसेच राहिल्यास मूत्रपिंडापर्यंत चढून थंडीताप आणतात, आणि त्या तापात कळा सुरू होण्याचा धोका असतो. ह्या दोन तपासण्यांना मिळून जेवढा खर्च येतो तेवढ्यात आपल्या समारंभातील एक हारही येत नसेल. आणि आपला भाग मलेरियाचा. तो जननमार्गाचा जंतू नव्हे, माझ्या विषयाबाहेरचा आहे, पण बालाघाटच्या जंगलपट्टीत गरोदर बाईला ताप आला तर रक्त पाहिल्यावाचून राहू नये.

आता पुरुषांनी कान द्यावेत. बॅक्टेरियल व्हजायनोसिस औषधाने बरे होते आणि काही महिन्यांत पुष्कळ बायकांना परत होते. परत झाले की दोष बाईच्या 'अस्वच्छतेला'. २०२५ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातील एका चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. तेथे काही जोडप्यांत फक्त बायकोला औषध दिले, काहींत नवऱ्यालाही गोळ्या आणि लावण्याचे मलम दिले. फक्त बायकोला औषध मिळालेल्या गटात तीन महिन्यांत ६३ टक्क्यांना दुखणे उलटले. दोघांना मिळालेल्या गटात ३५ टक्क्यांना. फरक इतका स्पष्ट की चाचणी मुदतीपूर्वीच थांबवली. ह्या बायका गरोदर नव्हत्या, आणि नवऱ्याला औषध दिल्याने पुढचे बाळंतपण पुऱ्या दिवसांचे होते असे त्यावरून ठरत नाही. परंतु 'हे बायकांचे दुखणे आहे, आमचा काय संबंध' असे म्हणून तंबाखू मळत बाहेर बसण्याची सोय त्या निकालाने काढून घेतली आहे. म्हणून मी मंडळींना बाहेर जाऊ दिले नाही.

एवढे करूनही काही बाळे अपुऱ्या दिवसांचीच येणार. त्यांच्यासाठी आईला कळांच्या वेळी स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. बाळाची फुप्फुसे त्याने लवकर तयार होतात. १९७२ साली न्यूझीलंडमध्ये लिगिन्स व हाउई ह्यांनी हे दाखवले. पण येथेही जंतू आडवे येतात. सहा देशांतील खेड्यापाड्यांत, ज्यांत आपले नागपूर-बेळगावही होते, ही इंजेक्शने सरसकट देण्याची चाचणी झाली. दिवसांची नेमकी गणती नव्हती, त्यामुळे पुऱ्या दिवसांच्या बायकांनाही ती मिळाली. २०१५ साली उघड झाले, की मातांना संसर्ग वाढला आणि एकूण बाळमृत्यूही थोडे वाढले. पुढे २०२० साली चांगल्या इस्पितळांत, सोनोग्राफीने दिवस मोजून, संसर्ग नाही हे पाहून दिली तेव्हा बाळमृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत केलेली एक सोनोग्राफी आणि शेवटच्या पाळीची भिंतीवरच्या कॅलेंडरावर केलेली खूण ह्यांची किंमत किती, हे ध्यानात घ्या.

बाळ जन्मल्यावर त्याला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, दिवसचे दिवस ठेवावे. कांगारूसारखे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, काचपेट्या पुरत नव्हत्या म्हणून ही पद्धत निघाली. आज काचपेट्या असतानाही तीच उत्तम ठरली आहे. दिल्लीच्या सफदरजंग इस्पितळासह पाच ठिकाणी झालेल्या चाचणीत जन्मल्याबरोबर हा सहवास दिलेल्या लहान बाळांत मृत्यू १२ टक्के, आणि प्रकृती स्थिरावण्याची वाट पाहिलेल्यांत १५.७ टक्के. गडचिरोलीत तर बंग दांपत्याने ३९ गावांत गावच्याच शिकवलेल्या बायकांकडून घरोघरी नवजात बाळांची देखभाल करवली आणि हजारी बाळमृत्यू ६२ वरून सुमारे २५ वर आणले. पुढे आशाताईंच्या घरभेटींच्या सरकारी योजनेत हीच रीत देशभर गेली. तेव्हा काचपेटी विकत घेऊन तिच्यावर ट्रस्टचे नाव रंगवावे, ही जी दुसरी सूचना कानावर आली आहे, तिच्याबद्दलही माझा उत्साह बेताचाच आहे. वीज, परिचारिका आणि डॉक्टर नसलेल्या ठिकाणी काचपेटी म्हणजे काचेचे कपाट.

पैसा लावावयाचाच तर तो येथे लावावा. आपल्या तांब्याच्या गावापासून बालाघाट नव्वदएक किलोमीटर, मध्ये घाट आणि जंगल. पाणमोट फुटलेल्या, ताप आलेल्या किंवा सातव्या महिन्यात पोट वरचेवर घट्ट होऊ लागलेल्या बाईला रात्री दोन वाजता नेणारी गाडी, आणि सोबत जाणारी एक शहाणी बाई. १०८ ची गाडी सरकारने दिलेली आहे. ती दुसऱ्या खेपेवर असेल तेव्हासाठी ट्रस्टची एक असावी. दुसरे, तपासणीसाठी एक खोली. दाराला कडी, खिडकीला पडदा, एक टेबल, एक दिवा आणि लेडी डॉक्टर. गडचिरोलीच्या ९२ टक्क्यांमागचे खरे कारण औषधांचा तुटवडा एवढेच नव्हते. बाईने आपले दुखणे बोलावे अशी जागाच नव्हती. सासू दाराशी उभी असताना कोणती सून 'वास येतो' म्हणून सांगेल? सासवांनी राग मानू नये, पण त्या वेळी त्यांनी नातवंडांना घेऊन व्हरांड्यात बसावे.

जाता जाता, सभा सुरू होण्यापूर्वी एका भगिनीने चिठ्ठी पाठवली, तिचे उत्तर देतो. त्या विचारतात, "तांबी बसवली म्हणून पांढरे जाते काय? काढून टाकू का?" तांब्याच्या खाणीच्या गावात हा प्रश्न यावा हे योग्यच! बाई, आपणहून काढू-ओढू नका. तांबी बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत संसर्गाचा धोका थोडा अधिक असतो, आणि तो मुख्यतः आधीपासून आत जंतू असलेल्यांना. म्हणून बसवण्यापूर्वी तपासणी हवी. आता बराच काळ झाला असेल, ताप नाही, ओटीपोट दुखत नाही, तर तपासून उपचार घेता येतो आणि तांबी बहुधा तशीच राहू देता येते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. तेथे आपल्या शेजारची गरोदर सून घेऊन जा, आणि तिचे झाले की आपलेही दाखवून घ्या. येत्या ९ तारखेची गाडी चौकातून किती वाजता सोडावी, एवढे विश्वस्तांनी आजच ठरवून फळ्यावर लिहावे.